मृगाआधी दोन कामं: माणसं वाचवा, रानमेव्यासाठी जागा राखा

पेण आणि रोहा तालुक्यांतल्या सगळ्यांना ही कळकळीची विनंती आहे. एप्रिल अर्धा सरला, वैशाख पुढेच आहे. मृग लागेपर्यंतच्या आठवड्यांत आपल्या गावात, वाडीवर, वीटभट्टीवर, कारखान्यात किंवा लग्नाच्या मांडवात एकही माणूस उन्हाने दगावता कामा नये. आणि पहिला पाऊस पडेल तेव्हा प्रत्येक गावाच्या सामायिक जागेत जांभूळ, कोकम, करवंद, रांजण, रायवळ आंबा लावायला खड्डे तयार असले पाहिजेत. ही दोन्ही कामं एकाच पत्रात का मागते आहे, ते पुढे येईलच. आधी जिवाचं बोलू.

१६ एप्रिल २०२३ हा दिवस आठवा. आपल्याच जिल्ह्यात, खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा होता. पुरस्कार रेवदंड्याच्या अप्पासाहेब धर्माधिकारी यांना मिळत होता, त्यामुळे रायगडातून श्रीसदस्य, म्हणजे त्यांचे अनुयायी, मोठ्या संख्येने गेले होते. शिस्तीची, श्रद्धेची माणसं. उघड्यावर तासन्‌तास बसून राहिली, उठली नाहीत. उष्माघाताने त्यांतली १४ माणसं गेली. त्या दिवशी पारा ३८ अंशांच्या आसपास होता.

विदर्भातल्या माणसाला ३८ हा आकडा मोठा वाटणार नाही. आपल्याकडे त्याने १४ घरं उजाड केली, कारण आपली हवा दमट आहे. अंग थंड होतं ते घाम वाळल्यामुळे, आणि खाडीकाठच्या हवेत घाम निथळत राहतो पण वाळत नाही. शरीरातलं पाणी आणि मीठ जातं, उष्णता मात्र आतच राहते. हवामान खातंसुद्धा हा फरक धरून चालतं. सपाटीवर उष्णतेची लाट जाहीर करायला पारा किमान ४० अंशांवर जावा लागतो. किनारपट्टीला ३७ पुरतात, तेही सरासरीपेक्षा साडेचार अंश वर असले तर. म्हणून टीव्हीवर चंद्रपूर-अकोल्याचे आकडे पाहून ‘आपल्याकडे तेवढं नाही’ असं समाधान मानू नका. शिवाय आपल्या जिल्ह्यात सगळीकडे खाडीची झुळूकही पोचत नाही. कुंडलिकेच्या वरच्या खोऱ्यात, सह्याद्रीच्या कुशीतल्या भिऱ्याला २८ मार्च २०१७ रोजी ४६.५ अंशांची नोंद झाली होती. त्या आकड्यावर तेव्हा पुष्कळ चर्चा झाली. पण डोंगरांनी वेढलेल्या खोलगट जागेत हवा कशी कोंडते, हे कोलाड-भिरा पट्ट्यात उन्हाळा काढलेल्या कोणालाही सांगावं लागत नाही.

खारघरनंतर सरकारने उन्हाळ्यात दुपारी १२ ते ५ या वेळेत उघड्या मैदानावर कार्यक्रम घ्यायचे नाहीत असं ठरवलं. तो निर्णय मोठ्या सोहळ्यांपुरता समजू नका. आपल्या गावच्या क्रिकेटच्या स्पर्धा, दुपारचे साडेबाराचे मुहूर्त, भर उन्हातली वरात, हळदीला पत्र्याच्या मांडवाखाली चाललेला नाच, निवडणुकीच्या सभा, सगळ्यांना तो लागू करा. मुहूर्त सकाळी नऊचाही निघतो, संध्याकाळी सातचाही निघतो. गावातल्या जाणत्या मंडळींनी आणि भटजींनी ठरवलं तर हा बदल एका हंगामात होईल. लग्नघराने मांडवाच्या दाराशी पिण्याच्या पाण्याचे माठ आणि कोकम सरबत ठेवावं. त्या खर्चाने कोणाचं लग्न अडत नाही.

पण मला जास्त काळजी आहे ती आमंत्रण नसलेल्या माणसांची. दिवाळीनंतर आपल्याकडची कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. एप्रिल-मेमध्ये भट्टीची धग आणि वरचं ऊन यांच्या मध्ये बायामाणसं, पोरंबाळं असतात. उचल घेतलेली असते, विटा हजारावर मोजल्या जातात, म्हणून कोणी मध्येच बसत नाही. भट्टीमालकांनो, पहाटे काम सुरू करा, अकराला थांबवा, पाचनंतर पुन्हा घ्या. त्या मधल्या तासांची मजुरी कापू नका. भट्टीजवळ निदान एक झावळ्यांचा मांडव आणि भरलेला पिंप असू द्या. पेण, हमरापूर आणि जोहे परिसरात गणपतीच्या मूर्तींचं काम आता जोरात आहे. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी डोकं भणभणतं, हे कारखानदारांना माहीत आहे, तेही तिथेच बसतात. पत्र्याला वरून चुन्याचा पांढरा हात मारा, त्यावर पेंढा किंवा झावळ्या टाका, आतून गोणपाट बांधा. फरक पहिल्याच दुपारी जाणवेल. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगार जाड कपडे, बूट, हातमोजे घालून उष्ण यंत्रांजवळ काम करतात. त्यांच्या सुपरवायझरांनी एक गोष्ट पाळावी: नवा माणूस आला की पहिला आठवडाभर त्याला पूर्ण पाळीचं जड काम देऊ नका. अंगाला उष्णतेची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात आणि बरेचसे जीव त्या पहिल्या दिवसांतच जातात.

पेणच्या खारेपाटात, वाशी-शिर्कीच्या बाजूला, उन्हाळ्यात पाण्याची ओरड नवी नाही. टँकरची वाट बघत हंड्यांच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या आपल्याच आया-बहिणी असतात. ग्रामपंचायतींनी टँकरची वेळ सकाळी आठच्या आतली मागून घ्यावी. रांगेच्या जागी ताडपत्रीची सावली करावी. हे काम दोन बांबूंचं आणि अर्ध्या तासाचं आहे.

आता उष्माघात ओळखायचा कसा, हे प्रत्येक घरातल्या एका तरी माणसाने पाठ करावं. दमलेला माणूस घामाघूम असतो, डोकं दुखतं, मळमळतं, पायात गोळे येतात. त्याला सावलीत घ्या, थोडं थोडं पाणी, ओआरएस किंवा मीठ-साखरेचं पाणी द्या. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, इतकं साधं ते आहे. पण तोच माणूस बरळायला लागला, झोकांड्या खाऊ लागला, ओळख विसरला, झटके आले किंवा बेशुद्ध झाला, तर तो उष्माघात आहे आणि आता एकेक मिनिट महत्त्वाचं आहे. अंग कोरडं असलंच पाहिजे असं नाही. कष्टाचं काम करणाऱ्याला घाम येत असतानाही उष्माघात होतो. १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर भरपूर पाणी ओता, जोराने वारा घाला, मान, काखा आणि जांघांत बर्फ किंवा ओले फडके ठेवा. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. तापाची गोळी देऊ नका, हा ताप तिने उतरत नाही. कांदा हुंगवण्यात आणि देवऋषी बघण्यात वेळ घालवू नका. पेण आणि रोहा दोन्हीकडे उपजिल्हा रुग्णालय आहे. अंग थंड करत करत तिथे पोचवा.

घरातले आजी-आजोबा ‘मला काही होत नाही’ म्हणतात. त्यांना तहान कमी लागते, म्हणून तहान लागण्याची वाट न बघता तासातासाने पेलाभर पाणी हातात द्या. रक्तदाबाच्या, लघवी होण्याच्या गोळ्या चालू असतील तर उन्हाळ्यात त्यांचं प्रमाण काय ठेवायचं, हे डॉक्टरांना आत्ताच विचारून घ्या. मूत्रपिंडाचा, हृदयाचा विकार असलेल्यांनी पाणी आणि मीठ किती घ्यायचं हेही डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावं. एकटं राहणारं म्हातारं माणूस आपल्या आळीत कोण आहे, ते तुम्हाला ठाऊकच असतं. दुपारी दोनला एकदा त्यांच्या दारावर थाप मारा.

अहमदाबादेत मे २०१० मध्ये उन्हाने फार माणसं गेली. त्यानंतर त्या शहराने २०१३ मध्ये उष्णतेविरुद्धचा आपला कृती आराखडा तयार केला. लोकांना आधी इशारा, दवाखान्यांची तयारी, पाणपोया, दिवसा उघडी ठेवलेली उद्यानं, अशी साधी कलमं त्यात होती. दोन नगरपरिषदा आणि आपल्या ग्रामपंचायती मिळून असं काही करायला वेगळी विद्वत्ता लागत नाही. पंचायतीच्या फलकावर रोज सकाळी त्या दिवसाचा इशारा खडूने लिहिला तरी सुरुवात झाली.

इथपर्यंत सांगितलं ते या उन्हाळ्याचं. पुढच्या उन्हाळ्यांचं काय? मुंबई-गोवा महामार्गाच्या पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचं रुंदीकरण २०११ मध्ये सुरू झालं. वडखळ, नागोठणे, कोलाड, सगळा आपला रस्ता. रस्ता हवाच होता. पण त्यात चिंच, जांभूळ, आंबा, वड यांची जुनी झाडं गेली आणि एसटीची वाट बघणारा माणूस उघड्यावर आला. त्या झाडांखाली पूर्वी फक्त सावली नव्हती. एप्रिलमध्ये करवंदांचे द्रोण मांडून बसलेल्या ठाकूर-कातकरी बाया होत्या, तोरणांची पांढरी फळं होती, मेमध्ये जांभळं होती, ताडगोळे सोलणारा कोणी होता. आता त्या बाया डांबरावर, दुभाजकाच्या कडेला, डोक्यावर फडकं घेऊन बसतात. ऊन त्यांनाही लागतं.

त्या पाट्यांमधली फळंही वर्षागणिक कमी होत चालली आहेत. रांजण, म्हणजे खिरणी, पिवळी, मधासारखी गोड, आज किती मुलांनी खाल्ली आहे? आळू (भाजीचं अळू नव्हे, काटेरी झाडाचं भाजून खायचं फळ), भोकर, रायआवळा, बिमलं, पांढरे जाम, रामफळ, कवठ, बरका फणस, कोयीपासून वाढलेला रायवळ आंबा. आपल्या आज्यांच्या परसात यातली निम्मी तरी होती. १९९० पासून रोजगार हमीतून फळबाग लागवड आली. कोकणच्या उतारांवर हापूस आणि काजू उभे राहिले, अनेक कुटुंबं सावरली. त्याबद्दल कृतज्ञताच आहे. पण ज्या झाडाला बाजारभाव नव्हता त्याला कोणी वाली उरला नाही. काही वणव्यात गेली, काही राबासाठी तोडली गेली, काही बंगल्यांच्या प्लॉटमध्ये गेली. रायवळ आंब्याचं एक झाड गेलं की ती चव कायमची गेली, कारण कोयीपासून आलेलं प्रत्येक झाड वेगळं असतं.

ही फळं खाल्ली की ऊन बाधत नाही, असं कोणी सांगितलं तर मानू नका. करवंद हे औषध नाही. पण कोकमाच्या आगळात पाणी, साखर, मीठ, जिरं घातलं की मजूर ते आवडीने दोनदा मागतो, आणि ओआरएसची चव न आवडणारं पोरही पितं. कैरीचं पन्हं तसंच. आणि यातली मोठी झाडं वर्षभर गर्द राहतात. जांभूळ, रांजण, फणस, आंबा, कोकम ही भर वैशाखात हिरवी असतात, जेव्हा साग पार बोडका झालेला असतो. सावलीबरोबर त्यांची पानं हवेत ओलावा सोडून भोवतालचा तडाखा कमी करतात. एसटीचा थांबा, शाळेचं आवार, वाडीचं समाजमंदिर, पाणवठा, स्मशानाची वाट, कुंडलिकेचा काठ, बाजारतळ, जिथे माणूस उन्हात थांबतो किंवा राबतो तिथेच ही झाडं हवीत. म्हणून माझी मागणी खाजगी बागांची नाही, गावाच्या बागांची आहे.

आणि गावाच्या बागेचा धडा आपल्याला बाहेरून आणायचा नाही. विनोबा भाव्यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातल्या गागोद्याचा. त्यांनी आपल्या आईची एक आठवण सांगून ठेवली आहे. घरचा फणस पिकला की आई गरे द्रोणांत भरायची आणि छोट्या विन्याला आधी गावात घरोघर वाटायला पाठवायची. वाटून झालं की मग त्याच्या वाट्याचे गरे. ज्या माणसाने पुढे देशभर पायी फिरून भूदान मागितलं, त्याने देण्याचा पहिला धडा आपल्या तालुक्यातल्या फणसावर गिरवला. गागोद्यातच नव्हे, पेण-रोह्याच्या प्रत्येक गावात असा एक फणस सगळ्यांचा का असू नये?

आता कामाचं. मृगाला दोन महिनेही उरलेले नाहीत. पहिलं, जागा. ग्रामपंचायतीच्या मालकीची जागा असेल तर ग्रामसभेत ठराव घ्या. गुरचरण, वनखात्याची किंवा महामार्गाची जागा असेल तर त्या खात्याची लेखी परवानगी घ्या. परवानगीशिवाय लावलेलं झाड पुढे तोडायला लागतं, ते दुःख नको. शाळांच्या परसबागांत वांगी-मिरच्यांबरोबर कुंपणाला करवंद लावता येईल. काटेरी असल्यामुळे गुरं शिरत नाहीत आणि मुलांना फळ मिळतं. विजेच्या तारांखाली जांभूळ लावू नका, त्याच्या फांद्या वादळात मोडतात.

दुसरं, खड्डे. मेअखेरपर्यंत दोन फूट लांब, रुंद आणि खोल खोदून तापू द्या, मग त्यात शेणखत, पातेरा आणि वरची माती भरा. रोपं सामाजिक वनीकरण आणि वन विभागाच्या रोपवाटिकांत मिळतात, आत्ताच मागणी नोंदवा. कोकमाच्या बाबतीत एक काळजी घ्या. कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी असतात, बियांपासून लावली तर निम्मी झाडं फळ देणार नाहीत. म्हणून मादी झाडाची कलमं लावा. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाची ‘कोकण अमृता’ ही कोकमाची जात आहे, जांभळात ‘कोकण बहाडोली’, करवंदात ‘कोकण बोल्ड’. पण सगळंच कलमी करू नका. गावातलं जे रायवळ झाड सगळ्यांना आवडतं, ज्या करवंदाच्या जाळीला पोरं आधी धावतात, त्यांची बी राखा.

बी राखण्याचं काम मात्र याच आठवड्यांचं आहे, पुढे ढकललं तर वर्ष जाईल. जांभूळ, फणस, कोकम, आंबा यांची बी वाळवून डब्यात ठेवली की मरते. फळ खाल्लं की बी धुऊन थोड्याच दिवसांत पिशवीत लावायची. दुधाच्या रिकाम्या पिशव्या चालतात, तळाला भोकं पाडा. ती रोपं पुढच्या पावसाळ्यात लावण्याजोगी होतील. शाळांना सुट्टी लागली की मुलांना हे काम द्या. ज्या मुलाने पिशवीत जांभूळ रुजवलं, तो ते रोप गुरांना खाऊ देणार नाही.

खारेपाटातल्या मंडळींना वाटेल, आमच्या खाऱ्या मातीत काय येणार? बोर आणि करवंद खारेपण बऱ्यापैकी सोसतात, जांभूळ पाणथळीत तग धरतं. बांधावर, उंच केलेल्या वरंब्यावर लावा, जिथे भरतीचं पाणी मुळाशी साचणार नाही. सुरुवात थोड्याने करा आणि दोन पावसाळे बघा.

रोप लावून फोटो काढण्याला मी महत्त्व देत नाही. रोपाचे खरे हाल पावसाळ्यानंतर, पहिल्या दोन उन्हाळ्यांत होतात. प्रत्येक रोपाशेजारी तळाला बारीक भोक पाडलेलं मडकं गळ्यापर्यंत पुरा, आठवड्यातून एक-दोनदा भरा. पेंढ्याने बुंधा झाका. डोंगराकडच्या वाड्यांनी जानेवारीतच जाळरेषा काढून ठेवा, वणव्यात एका रात्रीत सगळं जातं. रोपामागे एक घर नेमा आणि त्या घराचं नाव पंचायतीच्या वहीत लिहा. पाण्याची टंचाई असेल तिथे कमी रोपं लावा, पण लावाल ती जगवा.

एक गोष्ट आग्रहाने मागते. कोणतं फळ कुठल्या उतारावर येतं, बी कधी गोळा करायची, कुठली जाळी गोड, हे ज्ञान आपल्याकडे सर्वांत जास्त कातकरी आणि ठाकूर वाड्यांमध्ये आहे. त्यांना फुकटचे मार्गदर्शक म्हणून बोलावून, चहा पाजून पाठवू नका. त्यांच्या बचत गटांकडून रोपं विकत घ्या, राखणीच्या कामाची मजुरी द्या, आणि सामायिक झाडांच्या फळांवर त्यांचा हक्क ग्रामसभेच्या ठरावात लिहा. रस्त्याकडेला त्यांना बसायला सावलीची, पाण्याची जागा द्या. करवंदांचा द्रोण घेताना घासाघीस करू नका. त्या द्रोणासाठी एक बाई पहाटे काट्यात शिरलेली असते.

पेण नगरपरिषदेला, रोहा-अष्टमी नगरपरिषदेला, धाटावच्या कारखान्यांना आणि दोन्ही तालुक्यांतल्या सर्व ग्रामपंचायतींना माझं मागणं असं: १ मे रोजी महाराष्ट्र दिनाच्या ग्रामसभेत दोन ठराव मांडा. एक, १२ ते ५ या वेळेत उघड्यावर कष्टाचं काम आणि कार्यक्रम बंद, आणि प्रत्येक थांब्यावर, बाजारात, वाडीवर पाणपोई. दुसरा, गावाच्या एका सामायिक जागेवर रानफळांची बाग, तिची जागा, राखणदार आणि पाण्याची सोय यांसह. ज्यांना ग्रामसभेपर्यंत थांबवत नाही त्यांनी आज संध्याकाळी आपल्या दारापुढे एक माठ भरून ठेवावा, शेजारी एक पेला उलटा ठेवावा, आणि आज खाल्लेल्या फळाची बी उद्या सकाळी पिशवीत रुजवावी.